साहेबांचा विरोधक

"तुम्ही त्यांच्याविरुद्ध पाच वेळा उभे राहिलात आणि पाचही वेळा पडलात. म्हणून म्हटलं, आधी तुम्हालाच भेटावं," नीलांबरी देवल म्हणाल्या.

"नुसता पडलो नाही, दोनदा अनामतही घालवली," मी म्हटलं. "तेही लिहा. नाहीतर लोक म्हणतील, तोडकर वकिलांनी लपवलं."

त्या हसल्या आणि त्यांनी ते खरंच लिहून घेतलं. बाई मूळच्या पुण्याच्या, पण दिल्लीतल्या एका मोठ्या इंग्रजी साप्ताहिकात बरीच वर्षं काढलेल्या. चष्मा कपाळावर चढवून बोलायची सवय. साताऱ्याहून गाडी करून आल्या होत्या आणि भर उन्हात माझ्या दारात उतरल्या होत्या. माझ्या बैठकीच्या खोलीत तेव्हा दोन खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर वर्तमानपत्रांची रद्दी असायची. ती उचलून कुठं ठेवावी हेच मला सुचेना, कारण बऱ्याच दिवसांत त्या खुर्चीवर बसायला कुणी आलं नव्हतं.

दिल्लीतलं सरकार नुकतंच पडलं होतं आणि नवी आघाडी जुळत होती. त्या आघाडीत पक्ष पुष्कळ आणि प्रत्येक पक्षात मानी माणसं त्याहून पुष्कळ. कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, म्हणून सगळ्यांना चालेल असा एक वडीलधारा माणूस शोधणं सुरू होतं. त्या शोधात आमच्या तालुक्याचं नाव वर आलं. तुकोजीराव बर्गे, आमचे आमदार, राज्यात निरनिराळ्या खात्यांचे मंत्री राहिलेले. महाराष्ट्रभर त्यांना साहेब म्हणत. मी मात्र तुकोजी म्हणायचो, कारण शाळेत आम्ही एका बाकावर बसलो होतो. तो मला विशा म्हणायचा. विश्वंभर हे माझं पूर्ण नाव वकिलीच्या पाटीखेरीज कुठं वापरात नव्हतं.

देवलबाईंचा प्रश्न सरळ होता. तुकोजीराव देशाचे नेते म्हणून चांगले ठरतील का? त्यांच्या माणसांना विचारलं तर ते हो म्हणणार, विरोधी पुढाऱ्यांना विचारलं तर ते नाही म्हणणार. "तुम्हाला त्यांच्याकडून काही मिळवायचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त काळ समोरून पाहिलंय. तुम्ही जे सांगाल ते मी जसंच्या तसं छापीन. दिल्लीत ते वाचलं जाईल."

मला आनंद झाला, तो लपवत नाही. शालन, माझी बायको, जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. मुलगी बडोद्याला. कोर्टात जाणं जवळजवळ सुटलं होतं. आमचा पक्ष म्हणजे तालुक्यात माझी ही बैठकीची खोली, आणि जिल्ह्यात अशाच आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांच्या खोल्या. माझं मत विचारायला कुणी दिल्लीहून येईल, हे मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

मी त्यांना पहिल्यापासून सांगायला घेतलं. आमच्याकडे उमेदवाराने आपणहून 'मी उभा राहतो' म्हणायची पद्धत नाही, ते उतावळेपणाचं दिसतं. अर्ज भरायचे दिवस आले की काहीच ठाऊक नसल्यासारखं ओसरीवर बसायचं. मग माणसं आग्रहाला येतात. आपण वय सांगायचं, तब्येत सांगायची, घरच्यांची नाराजी सांगायची. ती म्हणतात, तुम्ही नाही तर कोण? दोन-तीनदा नाही म्हणायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसलं की गळ्यात हार पडतो.

मला आग्रह करायला दर खेपेला खोलेवाडीची माणसं यायची. पुढं ज्ञानू खोले, एके काळचा पैलवान, कान मोडलेला. तो माझे पाय धरायचा आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, "वकीलसाहेब, तुम्ही न्हाई तर या तालुक्यात खरं बोलायचं कुणी?" खरं सांगतो, आयुष्यात मला त्याहून मोठं सुख मिळालं नाही. लग्नात नाही, मुलीच्या बारशात नाही. शालन मात्र त्यांना चहा देऊन आत आली की हळूच म्हणायची, "आग्रहाला ट्रॉली भरून येतात आणि मोजणीत खोलेवाडीच्या पेटीत आपलं नाव शोधावं लागतं." मी म्हणायचो, गरिबांवर दबाव असतो. ती म्हणायची, "असेल."

हे सगळं मी देवलबाईंना गमतीने सांगितलं. त्याही गमतीने ऐकत होत्या. मग मी निकालाच्या दिवसाचं सांगितलं आणि त्यांनी लिहायचं थांबवलं.

निकाल लागला की तुकोजी सगळ्यांत आधी माझ्याकडे यायचा. चौकात मिरवणूक खोळंबलेली, हलगी कडकडतेय, पोरं गुलालाच्या गोण्या फोडून तयार, आणि विजयी उमेदवार कोऱ्या पांढऱ्या कपड्यांत माझ्या ओसरीवर. "वहिनी, चहा टाका," म्हणून तो शालनला आत हाक द्यायचा. पडलेल्या माणसाच्या घरात किती बोलायचं आणि किती गप्प बसायचं हे त्याला बरोबर कळे. चहा झाला की तो कपाळ पुढं करायचा आणि पहिलं गुलालाचं बोट मी लावायचं. त्यानंतर तो मिरवणुकीत शिरायचा. पाचही वेळा असंच झालं. एकदा तर त्याचा सख्खा मेव्हणा यावरून रागावून मिरवणूक सोडून गेला होता.

"असं मी कुठंच ऐकलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "मग? चांगले ठरतील?"

उत्तर माझ्या ओठावर होतं. तुकोजीचं आणि माझं शेकडो बाबतींत वाकडं होतं. कालवा सरळ जायचा तो त्याच्या भावकीच्या रानाकडे वळला, तेव्हा मी तहसीलसमोर उपोषणाला बसलो होतो. कारखान्यातली भरती, शाळांची मान्यता, सगळ्यांवर मी बोललो, लिहिलं, भांडलो. तरीही जो माणूस जिंकल्यावर आधी हरलेल्याच्या घरी जातो त्याच्या हाती देश द्यायला हरकत नाही, असं माझं मत होतं, आणि विरोधकाने ते सांगण्यात एक रुबाब होता. पण ते एक वाक्य बोललो असतो तर बाई उठून गेल्या असत्या. मग संध्याकाळ होती, कुकरच्या शिट्ट्या होत्या आणि मी होतो. म्हणून मी वकिली गांभीर्य आणून म्हटलं, "प्रश्न देशाचा आहे. मला रात्रभर विचार करू द्या. उद्या सकाळी या."

त्यांना ते फार आवडलं. विश्रामगृहात उतरते म्हणाल्या. त्या गेल्यावर मी रद्दी पुन्हा खुर्चीवर ठेवली नाही.

दिवेलागणीला दारात कुणीतरी खाकरलं. बघतो तर तुकोजी. गुडघे दुखत असल्याने एका हाताने चौकटीला धरून उभा होता.

"एकटाच?" मी विचारलं.

"एकटं कोण सोडतंय. दोघांना मारुतीच्या कोपऱ्यावर उभं केलंय," तो म्हणाला. "चहा टाक."

निवडणूक नसताना तो कधी आला नव्हता, फक्त शालन गेली तेव्हा आला होता आणि तीन दिवस रोज येऊन बसला होता. मी चहा टाकायला आत गेलो तर तोही मागोमाग आला आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून राहिला. मी साखर शोधत होतो. शालन गेल्यापासून माझ्या घरात वस्तू माझ्याशी लपंडाव खेळतात. तुकोजी म्हणाला, "वरच्या फळीवर, पितळी डब्याच्या मागं. वहिनी तिथंच ठेवायच्या." साखर तिथंच होती.

ओसरीवर बसून तो दिल्लीचं सांगत राहिला. तिथं सगळे गोड बोलतात, कोण कुणाचा ते कळत नाही, जेवणात तिखट नसतं. रोज कुणीतरी येऊन सांगतं की साहेब, तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तोच माणूस तिथून उठून दुसऱ्याच्या घरी जातो. ती देवलबाई येऊन गेली म्हणे, असंही तो ओघात म्हणाला. मी हो म्हटलं. काय सांगितलंस, हे त्याने विचारलं नाही. ते मला त्या क्षणी फार मोठेपणाचं वाटलं.

"माझं काम निराळंच हाय," तो म्हणाला. "मी दिल्लीला गेलो की इथं पोटनिवडणूक लागंल. अभयला उभा करायचाय."

अभय म्हणजे त्याचा मुलगा. करणारच, मी म्हटलं, राजाचा मुलगा राजा व्हायचा.

"तू त्याच्यासमोर उभा ऱ्हा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हटलं, "अरे, जिना चढताना मधे टेकावं लागतंय मला. प्रचार कोण करणार?"

"प्रचार करूच नको. अर्ज भर, दोन सभा घे, पारावर बसून मला चार शिव्या दे. तू असलास म्हंजे दुसरं कुणी पुढं येत न्हाई. जो नाराज असतो तो तुझ्याकडं येतो, तुझं भाषण ऐकतो, मोकळा होतो अन् घरी जातो." त्याने बशीत चहा ओतला. "तू नसलास तर कुणीतरी खरा उभा राहील. अभय अजून कच्चा हाय."

तो 'खरा' माझ्या कानाशी आला, पण आत उतरायला वेळ लागला. मी हसून विषय उडवायला बघितला. म्हटलं, आणि मला आग्रह कोण करणार? लोक मला विसरले.

"ज्ञानू येईल की," तो म्हणाला. "मी सांगतो त्याला."

दूधवाल्याला उद्या जास्त टाक म्हणून सांगावं, तितक्या सहज तो हे बोलला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग माझा मलाच प्रश्न ऐकू आला.

"दर वेळी तूच सांगतोस?"

त्याचा हात बशीसकट थांबला. माणसांचे चेहरे वाचण्यावर त्याची हयात गेली होती, माझा चेहरा वाचायला त्याला कितीसा वेळ लागणार. त्याने बशी खाली ठेवली.

"विशा," तो म्हणाला, "तुला ठाऊक नव्हतं?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"मला वाटलं, तुला ठाऊक हाय. पहिल्या खेपेपासनं. तू वकील माणूस. खोलेवाडीतनं माणसं येतात अन् मतं येत न्हाईत, हे तुला कळत नसंल असं मला कसं वाटावं?"

"मग एकदा तरी बोलायचंस."

"असल्या गोष्टी बोलतात होय? बोललं की त्यांची किंमत जाती." तो अगदी काकुळतीला आला होता. "म्हणून तर निकाल लागला की आधी तुझ्याकडं यायचो. आपल्यासाठी माणूस एवढा उन्हातान्हात फिरला, पडला, त्याच्या घरी पयल्यांदा जायला नको?"

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तुला फसवलं न्हाई रं, असं तो दोनदा म्हणाला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला ते पटलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी आम्ही दोघं शहाणे, समजूतदार माणसं होतो आणि पाच निवडणुका आम्ही मिळून लढलो होतो. त्यातल्या एकाला हे कळलंच नाही, एवढीच काय ती चूक.

जाताना तो म्हणाला, घाई न्हाई, विचार कर. तू न्हाई म्हणालास तरी आपलं काय बिघडत न्हाई. मग स्वतःची कपबशी उचलून त्याने मोरीत नेऊन विसळली, पंचाला हात पुसले आणि तो गेला. मारुतीच्या कोपऱ्यावरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी ओसरीवरच बसून राहिलो. कुकर लावायचा राहिला तो राहिलाच. एकेक आठवत होतं. तहसीलसमोर मी उपोषणाला बसलो तेव्हा तिसऱ्या दिवशी सरबताचा पेला घेऊन आला तो ज्ञानूच. आमच्या सभांना परवानगी कधी नाकारली गेली नाही, याचं श्रेय मी माझ्या कायद्याच्या ज्ञानाला देत आलो होतो. एका खेपेला एक तरुण डॉक्टर आमच्याच पक्षातर्फे उभा राहतो म्हणत होता, हुशार होता, लोक त्याच्यामागे जात होते. तेव्हा खोलेवाडीची ट्रॉली नेहमीपेक्षा लवकर आली होती. ज्ञानू म्हणाला होता, पोरसवदा माणसाचं काम न्हाई हे, तुम्हीच पाहिजे. मी त्या डॉक्टरला पाठीवर हात ठेवून सांगितलं, तुझी वेळ येईल. तो नंतर गाव सोडून गेला.

आणि शालन. माझ्यासाठी ती वाड्या-वस्त्यांवर हळदीकुंकवाची करंडी घेऊन फिरली होती, टाचांना भेगा पडेपर्यंत. तिला कळलं होतं. एका शब्दात ती मला सांगू शकली असती, पण 'असेल' म्हणून ती विषय सोडायची. माझं सुख मोडायचं तिच्या जिवावर आलं असणार. हे कळल्यावर मी त्या ओसरीवर मोठ्याने रडलो. ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे आवरायचं कारणही नव्हतं.

मग उरला तो सकाळचा प्रश्न. आता माझं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते मी सुडाने देत नव्हतो. पण वकिलाला ठाऊक असतं, नुसत्या नाहीला कुणी विचारत नाही, पुरावा लागतो. माझ्याजवळचा पुरावा म्हणजे मी. तुकोजीबद्दल खरं सांगायचं तर मला आधी माझ्याबद्दल सांगावं लागणार होतं. तालुक्यात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, पण तोडकर वकील कुणाला विकला गेला नाही, एवढं नाव होतं. ते मला माझ्या हाताने पुसावं लागणार होतं. हो म्हणून टाकलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं, माझा मोठेपणासुद्धा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती उघडायची की नाही, हा निकाल मला एकट्यालाच द्यायचा होता.

सकाळी देवलबाई आल्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. ज्ञानूचं, मतपेटीचं, डॉक्टरचं, चहाचं. काल संध्याकाळी तुकोजी काय बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं. त्या लिहीत होत्या, मग लिहीनाशा झाल्या.

"हे छापलं तर लोक तुम्हाला हसतील, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "त्यांना काही होणार नाही कदाचित. तुम्हाला होईल."

"छापा," मी म्हटलं. "तुम्ही प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर आहे ते. तुकोजी वाईट माणूस नाही. माझी बायको गेली तेव्हा माझा जावई एक दिवस थांबला, हा तीन दिवस आला. पण ज्याला समोरचा माणूससुद्धा आपलाच लागतो त्याच्या हाती देश देऊ नये. त्याच्या राज्यात नाही म्हणणारे भेटतील तुम्हाला, भाषणं करतील, उपोषणाला बसतील. पण त्यांना आग्रह कुणी केला, ते त्यांनाही ठाऊक नसेल."

त्यांनी ते शेवटचं पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. निघताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्याची मला अपेक्षा नव्हती आणि मी आशीर्वाद द्यायचंही विसरलो.

लेख पुढच्या आठवड्यात आला. मराठी पत्रांनी तो उचलला, आणि तालुक्याच्या गावात त्या दिवशी पेपर मिळेना. मी घराबाहेर पडलो नाही. हसणाऱ्यांना तोंड द्यायची तयारी करत होतो. मनाशी वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दाढी वाढली म्हणून नाइलाजाने केशकर्तनालयात गेलो. आत चारपाचजण पेपर मधे धरून बसले होते. मला पाहून सगळे उठले, मला जागा दिली. कुणीही हसलं नाही. त्यातला एकजण, कारखान्यातला कारकून, भारावलेल्या आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब, काय डोकं म्हणायचं साहेबांचं! विरोधकसुद्धा घरचाच. पंचवीस वर्षं, अन् कुणाला पत्ता न्हाई."

"दिल्लीला असाच माणूस पायजे," न्हावी म्हणाला आणि माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला.

कोर्टात तेच, एसटी स्टँडवर तेच. माझ्यावर कुणी चिडलं नाही, कुणी कीवसुद्धा केली नाही. मी साहेबांच्या हुशारीचा साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराला द्यायचा तेवढा मान ते मला देत होते. एका वकील मित्राने तर विचारलं की साहेबांनी हे पहिल्यांदा कुठल्या निवडणुकीत सुरू केलं, नीट सांग, मुलांना सांगायला बरं. मी त्याला सांगितलं की मला बरं वाटत नाही, आणि घरी आलो.

महिन्याभरात आघाडीने तुकोजीला एकमताने नेता निवडलं. रेडिओवर बातमी लागली तेव्हा गावात फटाके सुटले. त्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. दिल्लीहून होता. आधी एका सेक्रेटरीने मीच बोलतोय ना याची खात्री करून घेतली, मग तुकोजीचा आवाज आला, मागे पुष्कळ माणसांचा गलका.

"विशा, तुझे आभार मानायला फोन केला," तो म्हणाला. "तुझा लेख हितं सगळ्यांनी वाचला. आघाडीतल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला अन् म्हणाला, बर्गेजी, आमचे सगळे एकमेकांचे विरोधकच हायेत, अन् आम्ही विरोधक सांभाळणारा माणूस शोधत होतो. त्याच्यानंतर कुणी काही बोललंच न्हाई."

मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. तो मनापासून बोलत होता. तो जिंकला होता, आणि सवयीप्रमाणे आधी माझ्याकडे आला होता.

"मी तुझ्याविरुद्ध बोललो होतो, तुकोजी," मी म्हटलं. "तुझ्या हाती देश देऊ नये, असं म्हटलं होतं मी. ते वाचलंस का?"

"वाचलं की," तो म्हणाला. "चांगलं बोललास." मग गलक्यापासून बाजूला झाल्यासारखा त्याने अभयचं काय ठरवलंस ते विचारलं. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, बरं, तब्येतीला जप. फोन बंद झाला.

बाहेर फटाक्यांची नवी माळ लागली होती. आयुष्यभर मी या माणसाविरुद्ध बोललो, त्यामुळे त्याचं एक मत हललं नाही, आणि ज्या एका सकाळी अगदी खरं बोललो तेव्हा त्याला देश मिळाला. हे इतकं विचित्र होतं की कुणाला तरी सांगून हसावं, निदान शिव्या तरी द्याव्यात, असं मला अनावर वाटलं. मी फोनजवळच्या स्टुलावर बसून माणसं आठवू लागलो. शालन नव्हती. मुलीला यातलं काही कळलं नसतं. ज्याला हे सांगता आलं असतं, ज्याला त्यातली सगळी गंमत पहिल्या वाक्यात कळली असती, असा एकच माणूस मला या जगात आठवला, आणि त्याने आत्ताच फोन ठेवला होता.